मअवीस: सोमालियाची लुंगी नेमकी कुणाची?

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, किंवा जे आत्ता लोकलमध्ये उभे आहेत आणि इअरफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी हा मजकूर. भागात जे बोललो तेच थोडं नीटनेटकं करून इथे लिहितोय.

फोनवर ‘सोमालिया’ असं टाइप केलं की काय येतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. चाचे, दुष्काळ, बॉम्बस्फोट. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने ३५ सोमाली चाच्यांना पकडून मुंबईत आणलं आणि पोलिसांच्या ताब्यात दिलं, तेव्हा ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. एखाद्या देशाची आपल्याशी ओळख अशीच बातमीतून झाली, की तिथली माणसं सकाळी उठून काय घालतात, चहाला कुठे बसतात, सणाला काय नेसतात, हे कधी कळतच नाही.

म्हणून आजचा विषय अगदी घरगुती आहे. सोमाली पुरुष कमरेला जे गुंडाळतात ते कापड. तिथल्या भाषेत त्याला म्हणतात ‘मअवीस’.

नाव कसं वाचायचं?

नेटवर शोधायला गेलात तर हा शब्द इंग्रजी अक्षरांत एम, ए, सी, ए, डब्ल्यू, आय, एस असा दिसेल. कधी कधी त्यात आय दोनदा असतो. आपण लगेच ‘मॅकॅविस’ वाचणार. पण त्यातला ‘सी’ हा ‘क’ पण नाही आणि ‘स’ पण नाही.

झालं असं, की सोमाली भाषेला सरकारी लिपी मिळाली ती १९७२ मध्ये. त्याआधी अरबी लिपी घ्यावी, रोमन घ्यावी की सोमाली लोकांनी स्वतः तयार केलेली एखादी, यावर वर्षानुवर्षं वाद होता. शेवटी रोमन ठरली. सोमालीत अरबीसारखा घशातून येणारा ‘ऐन’ हा ध्वनी आहे. त्याला रोमनमध्ये अक्षरच नाही. मग ‘सी’ हे अक्षर रिकामं होतं, ते या ध्वनीला देऊन टाकलं. त्यामुळे ‘म’ म्हणा, घसा जरा आवळून ‘अ’ म्हणा, आणि मग ‘वीस’. मअवीस.

समुद्रापलीकडे येमेनमध्ये अशाच कापडाला ‘मअवझ’ म्हणतात आणि त्याचं अनेकवचन ‘मआविझ’. सोमाली भाषेत ‘झ’ हा ध्वनी नाही. अरबीतून शब्द आला की ‘झ’चा ‘स’ होतो. ‘झैला’ नावाचं जुनं बंदर सोमालीत ‘सैलअ’ होतं, तसंच. म्हणजे नावातच एडनच्या आखाताच्या दोन किनाऱ्यांचं नातं दिसतं.

नेसायची कशी?

आपली लुंगी डोळ्यांसमोर आणा. कोकणात, कोल्हापुरात, मराठवाड्यात, कुठेही घरी आल्यावर पँट काढून जी गुंडाळली जाते ती. मअवीस तिचीच बहीण. फरक हा, की मअवीसची दोन्ही टोकं सहसा शिवून टाकलेली असतात. म्हणजे ती सपाट कापड न राहता एक मोठी नळी होते. उंची साधारण मीटरभर, घेर दोनेक मीटर.

पुण्यात शिकायला आलेला माझा एक सोमाली मित्र आहे. त्याने मला ती नेसायला शिकवली. आत उभं राहायचं. कापड कमरेपर्यंत ओढायचं. दोन्ही बाजूंचा जास्तीचा घेर हातात धरायचा. एक बाजू पोटावर आडवी दुमडायची, मग दुसरी तिच्यावर. आता वरचा काठ घट्ट धरून बाहेरच्या बाजूला खाली गुंडाळत आणायचा, दोन-तीन वेळा. तो गुंडाळलेला पट्टाच कमरपट्ट्याचं काम करतो. गाठ नाही, नाडी नाही, बटण नाही. कुणी वरून चामडी पट्टा लावतात.

पहिल्यांदा नेसलं की माणूस हळूहळू चालतो. भरवसा नसतो ना! पण त्यांच्याकडे पोरं यातच फुटबॉल खेळतात. लांब चालायचं असलं की खालचा घेर वर खोचून घ्यायचा, गुडघ्यापर्यंत. आपल्याकडे भातलावणीला लुंगी वर खोचतात ना, तसंच.

हे कापड त्या जगण्याला बसतं कसं, ते बघा. सोमाली लोकांचा मोठा हिस्सा पिढ्यान् पिढ्या जनावरं पाळत फिरणारा आहे. उंट, शेळ्या, मेंढ्या. किनाऱ्यावर बेर्बेरासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा उन्हात पायांना वारा लागणं ही चैन नाही, गरज आहे. उंटिणीची धार उभ्याने काढतात, एका पायावर उभं राहून. दुसरा पाय दुमडून गुडघ्याशी टेकवायचा आणि मांडीवर भांडं तोलायचं. जमिनीवर मांडी घालून बसणं, नमाजला वाकणं, रात्री तेच कापड सैल करून पाय झाकून झोपणं, सगळं एकाच कपड्यात होतं. दुसऱ्या दिवशी धुतलं की तासाभरात वाळतं.

आधी ती रंगीत नव्हतीच

आता गंमत अशी, की आज मोगादिशूच्या बाजारात तुम्हाला मअवीस दिसेल ती चौकड्यांची, फुलांची, बाटिकच्या नक्षीची, जांभळी, हिरवी, केशरी. पण जुन्या काळचं सोमाली पुरुषाचं कापड पांढरं होतं. सुती पांढऱ्या चादरी. एक कमरेला, एक खांद्यावरून. सोमालीत कापडाला ‘मरो’ म्हणतात.

रिचर्ड बर्टन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. १८५४-५५ मध्ये तो सोमाली प्रदेशातून हरार शहरापर्यंत गेला. त्याने या पांढऱ्या चादरीचं वर्णन केलंय. एकच कापड, पण थंडी असेल तर डोक्यापासून लपेटायचं, काम असेल तर उजवा हात मोकळा सोडायचा, लढाईला जायचं तर कमरेभोवती आवळायचं. आपल्या घोंगडीसारखं, एक वस्त्र आणि दहा उपयोग.

त्याच्याही पाचशे वर्षं आधी, १३३१ मध्ये, इब्न बतूता मोगादिशूला उतरला. हो, तोच प्रवासी, जो पुढे आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. त्याने दोन गोष्टी नोंदवल्यात. एक, मोगादिशूत इतकं चांगलं कापड विणतात की ते शहराच्या नावाने ओळखलं जातं आणि इजिप्तपर्यंत विकायला जातं. दुसरं, सुलतानाकडून त्याला नवे कपडे भेट आले, तेव्हा त्यात कमरेला गुंडाळायचं एक रेशमी वस्त्र होतं. पायजम्याच्या जागी हेच, कारण पायजमा तिथे कुणी घालतच नाही, असं तो लिहितो.

म्हणजे कमरेला कापड गुंडाळायची रीत तिथे किमान सातशे वर्षं जुनी आहे. रंग, सूत, नाव, सगळं बदलत गेलं. गुंडाळणं राहिलं.

विणकर, अमेरिका आणि आपलं गिरणगाव

मोगादिशूच्या आसपासच्या किनाऱ्याला ‘बनादिर’ म्हणतात. बंदर या शब्दाचंच ते अनेकवचन. तिथले विणकर खड्ड्यात पाय सोडून हातमागावर सुती कापड विणायचे. त्यावर १९व्या शतकात एक मोठी लाट आली, अमेरिकेहून. तिथल्या मॅसॅच्युसेट्समधल्या गिरण्यांचं जाडंभरडं, न धुतलेलं सुती कापड जहाजांनी झांजीबार आणि एडनला यायचं आणि तिथून आत जायचं. स्वस्त, टिकाऊ. पूर्व आफ्रिकेत त्याचं नावच पडलं ‘मेरिकानी’. म्हणजे अमेरिकन! आपल्या आजीच्या भाषेत सांगायचं तर मांजरपाट.

मग १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि तिथला कापूस अडकला. इकडे मुंबईत गिरण्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. १९व्या शतकाच्या शेवटाकडे येताना मुंबईच्या गिरण्यांनी पूर्व आफ्रिकेच्या बाजारात या मेरिकानीची जागा घ्यायला सुरुवात केली. परळ-लालबागच्या गिरण्यांचा भोंगा वाजला की जे सूत कातलं जायचं, जे कापड निघायचं, त्यातलं काही आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर अंगाला लपेटलं जात होतं. गिरणगावाची ही बाजू आपल्या गप्पांत फारशी येत नाही.

आणखी एक धागा. एडन हे १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होतं. आणि १८८४ पासून इंग्रजांनी सोमालियाच्या उत्तर किनाऱ्यावर जे बस्तान बसवलं, ते १८९८ पर्यंत एडनमधून, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली चालायचं. तिथे रुपया चालायचा. १९०३ मध्ये तिथे जी टपाल तिकिटं निघाली, ती हिंदुस्थानचीच होती, वरून ‘ब्रिटिश सोमालीलँड’ असं छापलेली. आपल्याला सोमालिया फार लांबचा वाटतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या व्यापाऱ्याला तो एका मोसमी वाऱ्यावरचा मुलूख होता.

मग आजची मअवीस येते कुठून?

इंडोनेशियातून. निदान चांगली म्हणून जी ओळखली जाते, ती बहुतेक तिथूनच.

‘सारोंग’ हा शब्दच मुळात मलय भाषेतला, ‘सारुंग’. त्याचा अर्थ म्यान किंवा आवरण. मला तर ‘खोळ’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो. उशीची खोळ असते ना, दोन्हीकडून शिवलेली? तशी माणसाची खोळ. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तेगल, पमालांग अशी गावं आहेत. तिथे ‘गोयोर’ नावाचा सारुंग अजूनही हातमागावर विणतात. त्याचं मोठं गिऱ्हाईक इंडोनेशियात कमी आणि अरब देशांत, येमेनमध्ये, सोमालियात जास्त. जावामधला विणकर ज्या माणसासाठी विणतो, तो माणूस समुद्राच्या पार दुसऱ्या टोकाला, आफ्रिकेच्या शिंगावर बसलेला आहे. दोघांची कधी भेट होत नाही. पण कोणता रंग तिकडे चालतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

तर हिशेब मांडू. नाव अरबस्तानाच्या बाजूचं. रंग आणि वीण आग्नेय आशियाची. तिच्या आधीचं कापड कधी मोगादिशूचं, कधी अमेरिकेचं, कधी मुंबईचं. मग याला ‘सोमाली पारंपरिक पोशाख’ का म्हणायचं?

हा प्रश्न मला या भागाची तयारी करताना सगळ्यात जास्त भिडला. उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे.

आषाढी एकादशीला आपण काय खातो? साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. मिरची तिकडची. बटाटा तिकडचा. तुकोबांच्या काही पिढ्या आधी यातलं काहीही या मातीत नव्हतं. तरी वारीच्या दिवसात ती खिचडी ‘परदेशी’ आहे असं कुणी म्हणून बघा! ती आपली आहे, कारण ती कधी खायची, कशी करायची, कोणी कोणाला वाढायची, हे सगळं आपण ठरवलं.

मअवीसचंही तसंच. कापड कुठे विणलं यावरून ती सोमाली ठरत नाही. कशी नेसायची, कुठे चालते, कुठे नाही, वरती काय घालायचं, हे ठरवणारे सोमाली आहेत. मअवीसवर साधा शर्ट किंवा टी-शर्ट. म्हातारा माणूस असेल तर खांद्यावर शाल, डोक्यावर कशिद्याची टोपी, हातात काठी, आणि पुष्कळदा मेंदीने रंगवलेली लालसर दाढी. असा माणूस झाडाखाली बसलेला दिसला, की आजूबाजूचे ओळखतात, हे कुळातलं जाणतं माणूस आहे, यांच्या शब्दाला वजन आहे. जावाच्या दुकानात घडी घालून ठेवलेल्या त्याच कापडात हा अर्थ नसतो.

बायकांचं काय?

हे विचारणारे मेसेज येणारच, म्हणून थोडक्यात. सोमाली स्त्रियांचं जुनं वस्त्र म्हणजे ‘गुंतीनो’. लांबलचक अखंड कापड, कमरेला गुंडाळून वर नेऊन एका खांद्यावर गाठ मारायची. फोटो बघितलात तर पहिला शब्द तोंडात येईल ‘साडी’. दुसरा प्रकार ‘दिरअ’. इंग्रजीत लिहिताना याच्याही शेवटी तोच ‘सी’ असतो, आता तुम्हाला वाचता येईल. हा पातळ, झिरझिरीत, घोळदार झगा. आतून जे नेसतात त्याला म्हणतात ‘गोरगोरद’. म्हणजे आपला परकर! आणि वरून ओढणीसारखं ‘गरबसार’.

लग्नाला, सणाला बायका गुंतीनो किंवा दिरअ मिरवतात. पुरुष मात्र शहरात लग्नाला बहुतेक सूट घालतो. ऑफिसात पँट. संसदेत टाय. मअवीस राहते घरात, मशिदीत जाताना, कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात, आणि गावाकडे दिवसभर. म्हणजे सगळ्यांच्या अंगावर आहे, पण साहेबी जागेत नाही. इथून पुढे गोष्ट जरा टोकदार होते.

कापडावरून माणूस ठरवणं

२००६ च्या ऑगस्टमध्ये बराक ओबामा केनियाच्या ईशान्य भागात, वजीर या गावी गेले होते. तिथे सोमाली वस्ती आहे. तेव्हा ते सिनेटर होते. गावातल्या लोकांनी पाहुण्याचा मान म्हणून त्यांना सोमाली वडीलधाऱ्यांचा पांढरा पोशाख चढवला, डोक्याला पांढरं गुंडाळलं. मानाचा फेटा बांधणं, दुसरं काही नाही. दीड वर्षाने, २००८ च्या फेब्रुवारीत, ऐन निवडणुकीच्या धामधुमीत तो फोटो बाहेर आला. आणि अमेरिकेत केवढा गदारोळ झाला! बघा, हा माणूस ‘आपला’ नाही, असं सुचवण्यासाठी तो फोटो फिरवला गेला. कापड पाहुणचाराचं होतं, बघणाऱ्यांनी त्यात धोका वाचला.

आपण हसायला नको. १९६० च्या दशकात मुंबईत दाक्षिणात्य लोकांविरुद्ध जी घोषणा गाजली, ती लुंगीवरच होती. ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’. घोषणा देणाऱ्यांच्या आजोबांच्या अंगावरही पंचा नाहीतर धोतरच असणार. पण दुसऱ्याच्या कमरेचं कापड हा टिंगलीचा विषय झाला, आणि कापडाच्या नावाने माणसांना हाकलायची भाषा सुरू झाली.

माझ्या त्या सोमाली मित्राचं सांगतो. तो ज्या सोसायटीत भाड्याने राहायचा, तिथे त्याला सांगण्यात आलं की खाली येताना लुंगीवर येऊ नकोस, बरं दिसत नाही. सकाळी दुधाची पिशवी आणायला दोन मिनिटं खाली जायचं, तरी तो पँट चढवून जायचा. गंमत म्हणजे त्याच इमारतीत बर्म्युडा घालून फिरणारे पुष्कळ. गुडघे दिसलेले चालतात, घोट्यापर्यंत झाकलेले चालत नाहीत. त्याला यात राग येण्यापेक्षा नवल जास्त वाटायचं. त्याच्या आजोबांनी आयुष्यभर जे नेसून मोठमोठे तंटे मिटवले, ते इथे दूध आणायला पुरेसं नव्हतं.

आणि मग तेच नाव अभिमानाचं झालं

आता सोमालियात परत. अल-शबाब हे नाव तुम्ही ऐकलंय. ही सशस्त्र संघटना देशाच्या बऱ्याच ग्रामीण भागावर पंधरा-वीस वर्षं पकड ठेवून आहे. जनावरं पाळणाऱ्यांकडून ती ‘कर’ म्हणून पैसे घेते, उंट घेते, पोरं मागते. २०२२ मध्ये सोमालियात चाळीस वर्षांतला सगळ्यात वाईट दुष्काळ होता. लागोपाठ पावसाचे हंगाम कोरडे गेले होते. जनावरं पटापट मरत होती आणि वसुली थांबत नव्हती. विहिरी उद्ध्वस्त केल्या जात होत्या.

मध्य सोमालियातल्या हिरान भागात लोकांनी बंदुका उचलल्या. गुराखी, शेतकरी, गावातले तरुण. त्यांच्याकडे गणवेश कुठून असणार? ते घरी जे नेसत होते, तेच नेसून आले. कमरेला मअवीस, वर शर्ट, खांद्याला बंदूक. लोकांनी त्यांना नाव दिलं ‘मअवीसले’. सोमालीतलं हे ‘ले’ म्हणजे आपलं ‘वाले’. मअवीसवाले. लुंगीवाले म्हणा ना!

असे गट त्याआधी काही वर्षांपासून अधूनमधून उभे राहत होते. पण २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हसन शेख महमूद यांनी अल-शबाबविरुद्ध सर्वंकष युद्ध जाहीर केलं आणि सरकारी फौज या गावकऱ्यांच्या बरोबर उतरली. काही महिन्यांत हिरान आणि मधल्या शबेले भागातली कितीतरी गावं मोकळी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये आदन यबाल हे महत्त्वाचं ठाणं हाती आलं.

ज्या कपड्याला शहरात ‘खेडवळ’ म्हणून बाजूला ठेवलं जायचं, तो एका लढ्याचं नाव झाला. कारण त्या नावात सांगितलं जात होतं, की हे पगारी सैनिक नाहीत, हे आपल्यातले साधे लोक आहेत.

पण इथे थांबून टाळ्या वाजवाव्यात, इतकं ते सोपं नाही. हे गट कुळांच्या आधारावर उभे आहेत. सोमालियात कुळाकुळांतल्या भांडणांनी काय होतं, हे १९९१ नंतर सगळ्या जगाने पाहिलं. सियाद बारेची सत्ता पडली आणि देश तुकड्यातुकड्यांत गेला. आज शत्रूविरुद्ध दिलेली बंदूक उद्या शेजारच्या कुळाकडे वळणार नाही, याची हमी कोण देणार? शिवाय जिंकलेलं टिकतंच असं नाही. तेच आदन यबाल एप्रिल २०२५ मध्ये अल-शबाबने परत घेतलं. ज्या गुराख्याने २०२२ मध्ये बंदूक उचलली, त्याला आज कदाचित पुन्हा गाव सोडावं लागलं असेल. कापडाला मान मिळाला, पण ते नेसणाऱ्याला सुरक्षा मिळालीय, असं म्हणता येत नाही.

दूर गेलेल्यांची मअवीस

१९९१ नंतर लाखो सोमाली देशाबाहेर गेले. नैरोबीचा ईस्टली भाग, लंडन, टोरंटो, अमेरिकेतलं मिनिआपोलिस. मिनिआपोलिसला कार्मेल मॉल नावाचा अख्खा सोमाली बाजार आहे. बाहेर हिवाळ्यात बर्फ, पारा शून्याच्या खूप खाली. आणि आत सोमाली कपडे, अत्तरं, चहा.

तिथे घरी आल्यावर जॅकेट, बूट, जीन्स काढून मअवीस गुंडाळणारा माणूस काय करत असतो? तिथे ऊन नाही, वारा लागायची गरज नाही, उंट तर नाहीच. ज्या कारणांनी हे कापड सोयीचं होतं, त्यातलं एकही कारण उरलेलं नाही. तरी तो ती नेसतो. आपल्याकडचा माणूस न्यू जर्सीत गणपतीला धोतर नेसतो, पण हे तसं नव्हे. तो सण असतो, लोक बघत असतात. मअवीस रोजची आहे, बंद दाराच्या आतली. तिला कुणी बघत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या भाषेत, दुसऱ्यांच्या कपड्यांत काम केल्यावर संध्याकाळी आपलं आपल्याला परत मिळावं, एवढ्यासाठी ती असते. माझ्या मते तिचं ‘पारंपरिक’ असणं इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

जाता जाता

एक छोटं काम देतो. घरात बाबा, काका, आजोबा यांच्यापैकी कुणाची लुंगी असेल तर तिच्या कोपऱ्यावरचं लेबल वाचा. कुठे विणली, कुठे छापली, बघा. आणि मग त्यांना विचारा, नेसायला कुणी शिकवलं. लेबलावरचं गाव आणि त्यांच्या उत्तरातलं गाव, दोन्ही आम्हाला मेसेज करून कळवा. काही उत्तरं पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचून दाखवीन.

आणि यापुढे सोमालियाची बातमी फोनवर आली, की फोटोतल्या माणसांच्या कमरेकडे एकदा नजर टाका. चौकड्यांचं कापड दिसलं तर तुम्हाला त्याचं नाव माहीत आहे. उच्चारही.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.